कापडी हुडाची जुनी जिप्सी-थार : आवाज कमी करायचा तर सुरुवात कुठून करायची?

कापडी हुडाच्या गाडीत आवाज येणारच. पण तुमच्या जुन्या जिप्सीत किंवा थारमध्ये आज जेवढा येतो, तेवढा सगळा हुडामुळे येत नाही. त्यातला मोठा वाटा फाटलेल्या रबरांचा, फ्लोअरच्या उघड्या भोकांचा, सांध्यांतल्या कडक झालेल्या रबरी बुशांचा आणि चुकीच्या टायरांचा असतो. हा वाटा कमी करता येतो, आणि त्यातलं बरंच काम सोसायटीच्या पार्किंगमध्ये, साध्या हत्यारांनी, सुट्टीच्या दिवशी उरकतं.

हा लेख सॉफ्ट टॉप मारुती जिप्सी आणि २०१० ते २०२० या काळातली महिंद्रा थार डोळ्यांपुढे ठेवून लिहिला आहे. आपल्याकडे जुनी उघडी गाडी म्हटलं की बहुतेक वेळा याच दोघींपैकी एक असते. एमएम ५४० किंवा त्याहून जुनी जीप असली तरी कामाचा क्रम बदलत नाही.

क्रमावर एवढा भर देण्याचं कारण आहे. गाडी घेतल्यावर बहुतेक जण पहिली खरेदी डँपिंग शीटची, म्हणजे पत्र्याची थरथर मारणाऱ्या चिकट शीटची, करतात. पूर्ण फ्लोअर चकचकीत शीटने मढवतात, गाडीचं वजन वाढवतात, आणि हायवेला लागल्यावर आवाज जवळपास तसाच. शीट वाईट नाही, पण तिचा नंबर शेवटचा आहे. आधी टायर आणि खालची कामं, मग भोकं, मग दरवाजे, मग हूड, आणि पैसे व उत्साह उरला तर शीट. हा क्रम पाळला तर अर्ध्या खर्चात जास्त गुण येतो.

हिशोब समजून घ्या

डेसिबलची बेरीज साध्या बेरजेसारखी होत नाही. सारख्याच जोराचे दोन आवाज एकत्र आले की मीटरवर फक्त ३ डेसिबल वाढतात. उलटं बघा : टायर आणि वारा दोघेही सारखेच बोंबलत असतील आणि तुम्ही वारा पूर्ण बंद केलात, तरी मीटर ३ डेसिबलच खाली येईल. कानाला आवाज साधारण निम्मा वाटायला १० डेसिबल कमी व्हावे लागतात. म्हणून एखादंच काम करून 'काहीच फरक पडला नाही' म्हणत निराश होऊ नका. चार-पाच कामं झाल्यावर फरक एकदम जाणवायला लागतो. आणि सुरुवात नेहमी सगळ्यात मोठ्या आवाजापासून करायची.

वाऱ्याचा आवाज वेगाबरोबर फार झपाट्याने वाढतो. ताशी १०० वरून ८० वर आलात, तर नुसत्या वाऱ्याचा आवाज ५-६ डेसिबल उतरतो. एक रुपया खर्च न करता मिळणारी ही सगळ्यात मोठी सवलत आहे. चौकोनी नाकाच्या, सरळ उभ्या काचेच्या गाडीला तसाही ८० चा वेग शोभतो.

भिंतीचा नियम वेगळा. आवाज अडवायला वजन लागतं. पडद्याचं वजन दुप्पट केलं, तर आवाज फार तर ६ डेसिबलने जास्त अडतो. हुडाचं कापड पत्र्याच्या तुलनेत अगदी हलकं असल्यामुळे खालच्या पट्टीची घरघर त्यातून सहज आरपार जाते. ती कापडाने थांबणार नाही, हे आधीच मान्य करा. पत्रा मात्र चांगला अडवतो, पण त्याला भोक नसेल तरच. फ्लोअरच्या एक टक्का भागात जरी उघडी भोकं असली, तरी उरलेल्या ९९ टक्के भागावर काहीही थापा, सगळा फ्लोअर मिळून २० डेसिबलपेक्षा जास्त अडवू शकत नाही. शीटचा नंबर शेवटी का, ते यातच आलं.

पहिलं काम : नुसतं ऐका

एक माणूस सोबत घ्या. गाडी चालवणाऱ्याने फक्त चालवायचं, ऐकायचं आणि लिहायचं काम शेजारच्याचं. वारा पडलेला असतो अशा पहाटेच्या वेळी, मोकळ्या सरळ रस्त्यावर, ६० आणि ८० या दोन वेगांना चालवा. तोच रस्ता दोन्ही दिशांनी करा, म्हणजे वाऱ्याची दिशा कळते. रस्ता एकच ठेवणं फार महत्त्वाचं आहे. मुंबई-पुणे एक्सप्रेसवे किंवा समृद्धीच्या काँक्रीटवर टायर जेवढे कोकलतात, तेवढे चांगल्या डांबरी रस्त्यावर कोकलत नाहीत. एकदा काँक्रीटवर आणि एकदा डांबरावर मोजून तुलना केलीत, तर तो फरक रस्त्याचा असेल, कामाचा नसेल.

मोबाइलवरचं आवाज मोजायचं ॲप चालतं. त्याचा आकडा खरा मानू नका, फरक खरा माना. फोन तोच, जागा तीच, वेग तोच. एक मात्र लक्षात ठेवा : ही ॲपं बहुधा खालच्या पट्टीचा आवाज कमी धरतात. डोकं जड करणारी घरघर आकड्यात दिसेलच असं नाही, तिथे कानावरच भरवसा ठेवा.

आता आवाजांची फोड करा. रस्ता बदलल्यावर आवाज बदलला, तर तो टायरांचा. वेग तोच ठेवून पाचव्याऐवजी चौथ्या गिअरमध्ये टाकल्यावर वाढला, तर इंजिनाचा किंवा सायलेन्सरचा. जिप्सीचं १२९८ सीसीचं छोटं पेट्रोल इंजिन हायवेच्या वेगाला चांगलंच फिरत असतं, त्यामुळे तिच्यात हा वाटा मोठा असतो. मोकळ्या सपाट रस्त्यावर क्षणभर न्यूट्रल करून बघितलं तरी कळतं, पण इंजिन चालूच ठेवायचं. चालत्या गाडीचं इंजिन बंद केलं की ब्रेकची मदत जाते. उतारावर किंवा घाटात हा प्रयोग करू नका.

वाऱ्याचे आवाज कानाला वेगवेगळे लागतात. बारीक शिट्टी म्हणजे अरुंद फट. फडफड म्हणजे सैल कापड किंवा प्लॅस्टिक. सतत 'सूऽऽ' म्हणजे रबर नीट बसत नाही अशी लांब पट्टी. कानात दडे बसवणारे, पोटात घुमणारे धक्के म्हणजे फक्त मागची बाजू उघडी ठेवून गाडी चालली आहे.

वाऱ्याची नेमकी जागा सापडवायला रंगकामाचा कागदी टेप वापरा. काचेच्या फ्रेमवरचा हुडाचा सांधा, मागच्या पडद्यांच्या कडा, चेनी, सगळं बाहेरून टेपने बंद करा आणि एक फेरी मारा. आवाज उतरला असेल, तर पुढच्या प्रत्येक फेरीत एकेका जागेचा टेप काढा. ज्या टेपाबरोबर आवाज परत आला, ती तुमची जागा. दरवाज्यांना मात्र टेप लावू नका, आतल्या माणसांना बाहेर पडायची वाट मोकळी हवी. काम झालं की टेप लगेच काढा. उन्हात राहिला तर गोंद कापडावर बसतो.

टायर आणि खालची कामं

मड टेरेन टायर दिसायला झकास असतात, पण शहरात आणि हायवेवर फिरणाऱ्या गाडीला ते माझ्या मते चुकीचे आहेत. मोठमोठे ठोकळे आणि रुंद चर यांतून हवा दाबली जाते, सुटते, आणि ६० च्या पुढे विमान उतरल्यासारखा सूर लागतो. वर्षातून दोनदा चिखलात जाणाऱ्याला ऑल टेरेन पुरतात. कधीच न जाणाऱ्याने हायवे टेरेन घ्यावेत. माप कंपनीचंच ठेवा : जिप्सी किंगला २०५/७० आर १५, त्या थारच्या सीआरडीई या डिझेल प्रकाराला २३५/७० आर १६. गाडीवरच्या पाटीशी ताडून बघा, कारण जुन्या गाडीला आधीच्या मालकाने काय बसवलंय याचा नेम नसतो.

टायर बदलण्याआधी आहेत तेच तपासा. हाताचा तळवा टायरवरून एकदा पुढे, एकदा मागे फिरवा. एका दिशेने गुळगुळीत आणि उलट दिशेने करवतीच्या दात्यांसारखं लागलं, तर अलाइनमेंट बिघडलेली आहे आणि ती घरघर तिथूनच येते. टायरच्या बाजूवर चार आकडे एकत्र असतात. २३१९ असेल, तर टायर २०१९ च्या २३व्या आठवड्यात बनलेला आहे. जुनं रबर कडक होतं, आवाज करतं आणि ओल्या रस्त्यावर पकडही सोडतं. नक्षी शाबूत दिसते म्हणून वय विसरू नका.

घरघर सरळ रस्त्यावर सारखी आणि वळणावर कमीजास्त होत असेल, तर व्हील बेअरिंगचा संशय घ्या. डावीकडे वळताना वाढली, तर बहुतेक वेळा उजव्या बाजूचं बेअरिंग गेलेलं असतं, कारण वळताना भार बाहेरच्या चाकावर जातो. हे आवाजाच्याही आधी सुरक्षिततेचं काम आहे, लांबवू नका.

मग गाडी रॅम्पवर घेऊन मेकॅनिककडून एवढं बघून घ्या : प्रोपेलर शाफ्टच्या क्रॉसमध्ये खेळ आहे का, ग्रीस कधी मारलं होतं, गिअरबॉक्स, ट्रान्सफर केस आणि डिफरन्शिअलचं ऑइल किती आणि कसं आहे, इंजिन माउंटिंग बसलंय का, सायलेन्सर लटकवणारे रबर तुटलेत का, स्प्रिंगच्या पाट्यांचे आणि त्यांच्या शॅकलचे बुश उरलेत का. दोन्ही गाड्यांची बॉडी चेसिसवर रबरी बुशांवर ठेवलेली असते. हे बॉडी बुश कोणी वर्षानुवर्षं बघत नाही. ते दगडासारखे झाले, की चेसिसची प्रत्येक थरथर थेट फ्लोअरमध्ये उतरते. नवे टाकल्यावर येणारा फरक चकित करणारा असतो. माझ्या मते जुन्या जीपवर्गीय गाडीत हे सगळ्यात दुर्लक्षित काम आहे.

खडखडाट वेगळा हाताळा. मागच्या फाळक्यावरचं स्टेपनीचं ब्रॅकेट, बिजागऱ्या, जॅक, हत्यारांची पिशवी, मागच्या घडीच्या सीटा, लोंबणारी बेल्टची बकलं. मागच्या सीटवर एकाला बसवा आणि खराब रस्त्यावर हळू चालवत त्याला एकेक वस्तू हाताने दाबून धरायला सांगा. आवाज थांबला की वस्तू सापडली. नटबोल्ट आवळा आणि लोखंड लोखंडाला लागतं तिथे रबराची पट्टी घाला.

फ्लोअरची भोकं

दुपारच्या लख्ख उन्हात गाडी उभी करा, सगळी मॅटिंग उचला आणि आत आडवे पडून फ्लोअरकडे आणि फायरवॉलकडे, म्हणजे इंजिन आणि केबिन यांच्या मधल्या पत्र्याकडे, बघा. जिथून उजेड दिसतो, तिथून आवाज येतो. रात्री उलटं करता येतं : एकाने खालून बॅटरी मारायची, दुसऱ्याने आतून खडूने खुणा करायच्या.

सगळ्यात मोठं भोक बहुतेक गाड्यांत एकाच जागी सापडतं : गिअरच्या दांड्याखाली. वरचं रेक्झिनचं कव्हर ठीकठाक दिसतं, म्हणून कोणी पुढे बघत नाही. ते कव्हर आणि त्याखालची पट्टी सोडवा. खाली जाड रबराचा बूट असतो, आणि जुन्या गाडीत तो घडीच्या ठिकाणी फाटलेला, एका बाजूने निसटलेला किंवा कुठल्या तरी क्लचच्या कामानंतर परत बसवायचाच राहिलेला असतो. त्यातून खाली वाकून बघितलंत, तर गिअरबॉक्सचं कवच आणि त्यापलीकडचा रस्ता दिसतो. फोर व्हीलच्या दांड्याची गत तीच. म्हणजे इंजिन, गिअरबॉक्स आणि रस्ता यांच्यापासून तुम्हाला वेगळं करणारं त्या जागी फक्त रेक्झिन आहे. नवे बूट टाका आणि ते ज्या पट्टीखाली दाबले जातात ती पट्टी सगळ्या स्क्रूंनी आवळा. एखादा स्क्रू नसला की बूट त्याच कोपऱ्यात उचलला जातो. दांडे सगळ्या गिअरमध्ये मोकळे फिरतात ना, हे बघूनच पुढे जा.

पुण्यात नाना पेठेत, मुंबईत ऑपेरा हाऊसच्या भागात आणि कुर्ल्याच्या सीएसटी रोडला असले रबरी भाग शोधता येतात. जुना बूट सोबत न्या. नुसत्या वर्णनावर आणलेला भाग बसेलच असं नाही.

त्यानंतर फायरवॉल. स्टिअरिंगची दांडी, क्लचची केबल, ॲक्सिलरेटरची केबल, वायरिंगचे गठ्ठे, हीटरचे पाइप, प्रत्येक ठिकाणी रबरी ग्रोमेट, म्हणजे भोकाच्या कडेला बसणारं कडं, हवं. आधीच्या मालकाने हॉर्न, म्युझिक सिस्टिम, जादा दिवे लावताना पाडलेली आणि तशीच सोडलेली भोकं इथे हमखास सापडतात. रिकाम्या भोकाला रबरी बूच, वायर जात असेल तर ग्रोमेट, आणि उरलेल्या बारीक फटीला ब्यूटाइल रबराची पुट्टी. पत्र्याच्या धारेवर नुसती वायर कधीच ठेवू नका. तिथे इन्शुलेशन कापलं गेलं तर आग लागू शकते.

फ्लोअरमधल्या पाणी काढायच्या भोकांना रबरी बुचं असतात. ती हरवली असतील तर नवी घाला, पण चिकटवू नका, धुताना काढता आली पाहिजेत. दरवाज्यांच्या खालच्या कडेला आणि काचेखालच्या काउलला असलेली बारीक ड्रेन भोकं मात्र उघडीच ठेवायची. ती बंद केलीत, तर एका पावसाळ्यात दरवाजा आतून कुजतो. बॉडीच्या पोकळ चॅनलमध्ये फुगणारा फोम मारायचा सल्ला कुणी दिला तर सरळ नको म्हणा. तो पाणी धरून ठेवतो, आणि कोकणच्या हवेत तर गंजाला आमंत्रणच.

दरवाजे

रबर विकत घेण्याआधी दरवाजा सरळ करा. जुन्या दरवाज्याच्या बिजागऱ्या झिजतात आणि मागचं टोक खाली येतं. दरवाजा उघडा, मागच्या कडेला धरून वर उचला. तो खाली-वर हलला, तर पिन किंवा बुश गेलाय. तो बदलून, मग स्ट्रायकर, म्हणजे चौकटीवरचा लॉक ज्यात अडकतं तो भाग, थोडा आत घेऊन दरवाजा चौकटीला समांतर आणायचा. वाकडा दरवाजा आणि जाड रबर ही जोडी कधीच जमत नाही : एका कोपऱ्यात दाबून बसतं, दुसऱ्या कोपऱ्यात फट तशीच.

आता नोटेची चाचणी. दहाची नोट चौकटीच्या रबरावर ठेवून दरवाजा लावा आणि नोट ओढा. अडखळत, जोर लावून निघाली तर रबर दाबलं जातंय. सुळकन निघाली तर तिथे खडूची खूण करा. वरच्या मागच्या कोपऱ्यापासून सुरू करून पूर्ण चौकट, बोटभर अंतराने. खुणा एकाच बाजूला जमल्या तर दोष दरवाज्याच्या बसणीत आहे, सगळीकडे विखुरल्या तर रबर मेलेलं आहे.

ही चाचणी उभ्या गाडीत होते, हे विसरू नका. वेगात गाडीच्या बाजूंवरून जाणारी हवा दरवाज्याचा वरचा भाग बाहेर ओढते. थारसारख्या गाडीत वरचा भाग कापड-प्लॅस्टिकचा असेल तर जास्तच. म्हणून रबर नुसतं टेकून चालत नाही. ते उभ्या गाडीत चांगलं दाबलेलं हवं, म्हणजे चौकट थोडी बाहेर गेली तरी ते फुगून मागे येतं. पोकळ, नळीसारखं ईपीडीएम रबराचं बिडिंग मीटरवर मिळतं, ते घ्या. स्पंजची सपाट चिकटपट्टी घेऊ नका, ती एका उन्हाळ्यात चपटी होते. साधारण एक तृतीयांश दबेल एवढीच जाडी घ्या. त्याहून जाड घेतलंत तर दरवाजा आपटावा लागेल आणि लॉक झिजेल. जुना गोंद पूर्ण खरवडा, चौकट आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा, आणि बिडिंग ताणून लावू नका. ताणलेलं रबर नंतर आकसतं आणि कोपऱ्यात फट पडते. सांधा खालच्या बाजूला ठेवा. वर्षातून दोनदा सिलिकॉन ग्रीसचा पातळ हात फिरवा. इंजिन ऑइल किंवा साधं ग्रीस ईपीडीएम फुगवून खराब करतं.

हूड

इथे वेळ द्या. हुडाच्या आवाजाचं मूळ बहुतेक वेळा कापडाच्या जाडीत नसून ताणात असतं. गाडी वेगात असताना हुडावरून जाणाऱ्या हवेचा दाब कमी होतो आणि आतली हवा कापड वर ढकलते. हूड फुगतं, झटका बसून खाली येतं, परत फुगतं. ८० च्या वेगाला मागच्या सीटवरून वर बघितलंत, तर दोन कमानींच्या मधलं कापड श्वास घेताना दिसतं. तेच कमानीवर आपटून 'धप धप' वाजतं.

उपाय दोन. कमानी तपासा : वाकलेल्या सरळ करा, त्यांच्या सांध्यांतला खेळ काढा, आणि कापड टेकतं तिथे फेल्टची पट्टी गुंडाळा. मग हुडाला आतून प्रत्येक कमानीच्या रेषेत वेल्क्रोचे पट्टे शिवून घ्या आणि ते कमानीभोवती घट्ट बांधा. हूड शिवणाऱ्या कुशनवाल्याला हे अर्ध्या दिवसाचं काम आहे, आणि फडफडीवर याइतका स्वस्त उपाय मला माहीत नाही.

पुढची कड सगळ्यात महत्त्वाची. उभ्या काचेवर आपटून वर आलेला वारा नेमका काचेच्या फ्रेमच्या वरच्या काठावर सुटतो, आणि तिथेच हुडाचा सांधा आहे. काही गाड्यांत ही कड खोबणीत सरकते, काहींत टिचबटणांवर बसते. टिचबटणांच्या मधलं कापड उचललं जात असेल, तर मध्ये एकेक बटण वाढवा. फ्रेम आणि कापड यांच्यामध्ये ६ ते ८ मिलीमीटरची बंद छिद्रांची फोम पट्टी, अख्ख्या रुंदीची, एकसंध घाला. आत बसून वर बघा : उजेडाची रेघ दिसली नाही पाहिजे. मग पाइपने काचेवर वरून पाणी मारा. जिथून पाणी शिरतं तिथून वाराही शिरतो.

नवं हूड शिवायला टाकत असाल तर कुशनवाल्याकडे स्वतः उभे राहा आणि काही गोष्टी ठरवून घ्या. जोडांच्या पट्ट्या पुढून मागे एकमेकींवर पडल्या पाहिजेत, घराच्या कौलांसारख्या. उलट्या पडल्या तर वारा प्रत्येक जोडाखाली शिरतो. दोरा पॉलिस्टरचा, सुती नाही. चेनी जाड दातांच्या, वर झाकणपट्टी असलेल्या. पारदर्शक प्लॅस्टिक जाड घ्या, पातळ प्लॅस्टिक फडफडतं आणि लवकर पिवळं पडतं. पीव्हीसीचं कापड उन्हात मऊ होतं, म्हणून माप आणि अंतिम बसवणी दुपारच्या उन्हात करा. संध्याकाळी ते आपोआप ताणलं जातं. सकाळच्या गारव्यात घट्ट बसवलेलं हूड दुपारी सैल पडून फडफडायला लागतं.

सुती कॅनव्हास की पीव्हीसी? कॅनव्हास जास्त जड आणि आवाजाला थोडं चांगलं, पण कोकणातल्या पावसात भिजून आठवडाभर वाळत नाही आणि बुरशी धरतं. घाटावरच्या कोरड्या गावात राहणाऱ्याने कॅनव्हासचा विचार करावा, किनाऱ्यावरच्याने पीव्हीसीचाच.

यापुढची पायरी आतल्या अस्तराची. पॉलिस्टर फेल्टचा ८-१० मिलीमीटरचा थर, त्याला खालून कापड, आणि हा पडदा कमानींना खालून वेल्क्रोने लटकवायचा, हुडापासून दोन-तीन सेंटीमीटरची पोकळी ठेवून. वरच्या पट्टीचा आवाज, पावसाचा ताशा आणि उन्हाची झळ, तिन्ही गोष्टी चांगल्या उतरतात. घरघर तशीच राहते, तेवढी अपेक्षा ठेवू नका. अस्तर काढता येईल असंच करा, कारण ओलं झालं तर ते बाहेर काढून वाळवावं लागतं.

हुडावर लावलेला लाइट बार, कॅरिअर आणि लांब एरिअल एकदा काढून फेरी मारा. शिट्टी बऱ्याचदा तिथेच संपते.

शेवटी शीट

इथवर आल्यावर परत ऐका. आता उरलेला आवाज फ्लोअर आणि चाकांच्या वरच्या पत्र्यातून येत असेल. पत्र्यावर बोटाने टिचकी मारा. 'टण्ण' वाजतो तिथे शीट हवी, 'थप' वाजतो तिथे नको.

ॲल्युमिनियमच्या कागदाची, २ मिलीमीटरची ब्यूटाइल शीट घ्या. डांबराची स्वस्त शीट आपल्या उन्हाळ्यात वितळते आणि वास मारते. शीटचं काम पत्र्याची थरथर मारणं आहे, त्यामुळे पत्रा पूर्ण झाकायची गरज नसते. प्रत्येक सपाट भागाच्या मध्यावर, साधारण पाव ते एक तृतीयांश जागेवर चिकटवली तरी पुरते. रोलरने कागदावरची नक्षी सपाट होईपर्यंत दाबायची. त्याआधी पत्र्याचा गंज स्क्रू-ड्रायव्हरने टोचून बघा. पोकळ लागला तर आधी पत्र्याचं काम, प्राइमर, रंग, मगच शीट.

आवाज अडवायचं काम वेगळ्या थराचं. शीटवर बंद छिद्रांचा फोम, त्यावर जड रबरी किंवा व्हिनाइलची मॅट, चौरस मीटरला साधारण ५ किलोची, एकसंध, दांड्यांच्या बुटांखाली नीट दाबलेली. ही मॅट चिकटवू नका. सुटी ठेवली तर पावसाळ्यात उचलून फ्लोअर वाळवता येतो. उघड्या छिद्रांचा स्पंज आणि तागाचं नमदा कापड या गाड्यांच्या फ्लोअरवर नकोच, पाणी धरतात. पेडलांखाली मॅट सरकणार नाही आणि ब्रेक-क्लच तळापर्यंत दबतात याची खात्री करा. सायलेन्सर आणि टर्बोजवळ साधा फोम लावू नका.

हार्ड टॉपचं काय?

फायबरचा हार्ड टॉप आवाज खरंच कमी करतो. पण तो बसवण्याआधी आरटीओत चौकशी करा. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार गाडीच्या मूळ रचनेत मनाने बदल करता येत नाही, आणि सर्वोच्च न्यायालयानेही जानेवारी २०१९ मध्ये हेच स्पष्ट केलं. परवानगी आणि आरसीवर नोंद नसेल, तर अपघातानंतर विम्याच्या वेळी तोंड कोरडं पडेल.

हूड उघडं ठेवून चालवताना

मागचा पडदा एकटा उघडू नका. चालत्या गाडीच्या मागे हवेचा दाब कमी असतो, आणि त्या जागेतून सायलेन्सरचा धूर आत ओढला जातो. त्यात कार्बन मोनॉक्साइड असतो, त्याला वास नसतो. मागचं उघडायचं असेल तर पुढच्या काचा किंवा पडदेही उघडा. दडे बसवणारे धक्केही त्यानेच थांबतात.

कानांचंही बघा. ८५ डेसिबलच्या आवाजात दिवसाला ८ तास ही सर्वसाधारण सुरक्षित मर्यादा धरली जाते, आणि दर ३ डेसिबलला वेळ निम्मा होतो : ८८ ला ४ तास, ९१ ला २ तास. हूड काढून हायवेवर लांबचा पल्ला मारणार असाल, तर फोनवरचा आकडा एकदा बघा, वेग ७०-८० वर आणा आणि दर दीड-दोन तासांनी थांबा. गाडी चालवताना हेडफोन घालू नका, मागून येणाऱ्याचा हॉर्न ऐकू आला पाहिजे. लहान मुलं मागच्या बाकावर असतील तर हायवेचा भाग हूड लावून काढा आणि गावच्या रस्त्याला लागल्यावर उघडा. पारदर्शक पडद्यांची घडी घालू नका, जुन्या चादरीत गुंडाळून मागच्या सीटखाली ठेवा. घडीच्या रेषेवर प्लॅस्टिक तडकतं, आणि शिट्टी पुन्हा तिथूनच सुरू होते.